इलॅस्टिकच्या चादरीची मोहीम

धाकट्या नातीने फोनवरून आज्ञा केली की, आजी-आजोबा देवाच्या कामास परमुलखी गेली ती तेथे दिवसभर करितात तरी काय, हे खरे खरे लिहून कळवावे, उगाच चांगले चांगले लिहू नये. ऐशास आज्ञा शिरी वंदून, जे घडले ते तिखटमीठ बेताचेच लावून येथे लिहिले आहे. चित्त देऊन ऐकावे, मध्येच पाणी पिण्यास उठू नये.

तर राजमान्य राजेश्री हेडमास्तरसाहेब, एकेचाळीस वर्षे शाळेच्या घंटेचे धनी, ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने सातवी ब चिडीचूप होत असे. आणि त्यांचे कुटुंब, सकलवॉर्डधुरंधर मेट्रनबाई, इस्पितळात छत्तीस वर्षे चाळीस खाटांवर राज्य केलेल्या. बाईंची तीस वर्षांची इच्छा की, चर्चच्या वतीने परदेशी सेवाकार्यास जावे. आणि साहेबांचे तीस वर्षांचे उत्तर की, निवृत्तीनंतर पाहू. मग निवृत्ती आली आणि पाहणे भाग पडले. दीड वर्षाची मोहीम ठरली, दोन बॅगांनिशी कूच जाहले, आणि एका पाच मजली इमारतीत चवथ्या मजल्यावर दोन खोल्यांत मुक्काम पडला. साहेबांनी तेथे पोहोचताच कपाटाच्या दाराच्या आतल्या अंगास कॅलेंडर लाविले आणि सरल्या दिवसावर फुली मारण्याचा परिपाठ ठेविला, आणि बाईंस यातले काही ठाऊक नाही असा त्यांचा समज होता.

रोज सकाळी उभयतां पांढरे कपडे करून, छातीवर नावाच्या पाट्या लावून, पत्रके घेऊन दारोदार स्वारीस निघत. सहा आठवड्यांत त्रेचाळीस दारे ठोठाविली. पैकी एकेचाळीस उघडली नाहीत, एक चुकून उघडले, आणि एकातून मांजर बाहेर आले ते पत्रक हुंगून परत गेले. दर शनिवारी पाळकसाहेबांकडे अहवाल धाडणे असे. त्यात ‘भेटी’ या रकान्यात साहेबांनी मांजर धरून दोन लिहिले, ते बाईंनी खोडून एक केले.

आता मुख्य संकट ऐकावे. पांढरा सदरा रोज लागे, आणि सदरे धुण्याची सोय तळघरात. तेथे धुलाईची यंत्रे दोन, दारावर वारांचा आणि तासांचा तक्ता, आणि तक्त्यातले सर्व रकाने वर्षानुवर्षे वाटून गेलेले. दुसऱ्या मजल्यावर एक वृद्ध बाई राहत, तळघराची किल्ली सदैव गळ्यात, सबब मेट्रनबाईंनी त्यांस किल्लेदारीण हा किताब दिला होता. किल्लेदारीणबाईंनी नवख्यांस साफ जबाब दिला की, रकाना रिकामा नाही, कोणी मरेल तेव्हा पाहू. मग सदरे न्हाणीघरात बादलीत धुवावे, खुर्च्यांच्या पाठीवर वाळत घालावे, आणि ओल्या कॉलरनिशी धर्मप्रसारास निघावे, ऐसे चालले.

एके गुरुवारी साहेब सहा सदरे पिशवीत घालून टेहळणीस खाली उतरले. पाहतात तो तळघर उघडे, दोन्ही यंत्रे थांबलेली, आत आणि भोवतीच्या टोपल्यांत इतरांचे धुतलेले ओले कपडे, आणि माणूस एकही नाही. आता त्या इमारतीचा रिवाज असा की, यंत्र थांबून दिवस उलटला तरी परक्याच्या कपड्यास कोणी बोट लावू नये. हा रिवाज कोठे लिहिलेला नव्हता, कारण तो मोडील असा मनुष्य तोवर जन्मास आला नव्हता. साहेबांनी घटकाभर वाट पाहिली आणि मग त्यांच्यातला हेडमास्तर जागा जाहला. त्यांनी कपडे बाहेर काढिले, शेजारच्या वाळवणाच्या यंत्रात फिरविले, आणि लांब मेजावर एकेक घडी करून, प्रार्थनेच्या रांगेत मुले उभी करावी तशी उंचीप्रमाणे रास लाविली. मोजे जोडीने लाविले. आतले कपडेही सोडिले नाहीत. आणि त्या मुलखाच्या भाषेत त्यांस जे दहा-बारा शब्द येत होते त्यांतला एक लाल पेन्सिलीने चिठ्ठ्यांवर लिहून प्रत्येक राशीवर ठेविला. तो शब्द ‘उशीर’.

परंतु एक चादर वश होईना. तिच्या चारी कोपऱ्यांस इलॅस्टिक. एक कोपरा धरावा तो दुसरा आक्रसून पळावा. शेवटी साहेब तिचे गाठोडे काखेत मारून चवथा मजला चढले. मेट्रनबाई नातीशी फोनवर बोलत होत्या.

“अगं, एवढी घडी घाल.”

“कुणाची ही?”

“खालची.”

“हो गं बाळा, बोल तू,” असे फोनमध्ये म्हणत बाईंनी कानाशी फोन खांद्याने दाबून चादरीत दोन्ही हात खुपसले, एक झटका, दोन झटके, आणि पाटीसारखा सपाट चौकोन करून नवऱ्याच्या हाती दिला. पाहिलेसुद्धा नाही. साहेबांनी तो खाली नेऊन ठेविला आणि आपले सहा सदरे यंत्रात टाकिले.

तासाभरात जिना दणाणला. किल्लेदारीणबाई आघाडीस, मागे पहिल्या मजल्यावरचा केस कापणारा, तिसऱ्यावरची बस चालविणारी आणि तिचा दीर, एकूण अकरा असामी, हाती आपापली चिठ्ठी आणि आपापले आतले कपडे. साहेबांनी फोनवरचा दुभाषा सुरू केला, परंतु तोही दोन वाक्यांनंतर गोंधळून गप्प बसला. मतलब मात्र उघड होता. मंडळी परतल्यावर बाईंनी दार लोटले.

“सहा आठवडे आपण यांच्या दारी गेलो,” बाई म्हणाल्या. “आज सगळे आपल्या दारी. चड्ड्या घेऊन.”

“अगं, पण घड्या किती छान झाल्या होत्या...”

“हेडमास्तर, तुम्ही गप्प बसा.”

शुक्रवारी पाळकसाहेबांचा खलिता आला. किल्लेदारीणबाईंची लेखी तक्रार पोहोचली होती, रविवारपर्यंत ती मागे न घेतल्यास घरमालक जागा काढून घेईल, चर्चपाशी दुसरी जागा नाही, सबब उभयतांस स्वदेशी परत धाडणे प्राप्त होईल. हे वाचोन साहेबांनी तोंडावर दुःख आणिले, आणि पोटात हर्ष जाहला. घरची आरामखुर्ची दिसली, तिची डावी दांडी जरा सैल आहे तीही दिसली, आणि मग कपाटाच्या दारामागच्या पुढल्या सुमारे पाचशे फुल्या मारण्याचे श्रम वाचले.

बाई रागे भरल्या असत्या तर साहेब सुखाने हरते. बाई रागे भरल्या नाहीत. त्यांनी स्टुलावर चढून बॅग खाली काढिली, तीस वर्षे जिची वाट पाहिली ती नावाची पाटी छातीवरून उतरविली, रुमालात गुंडाळिली, आणि बॅगेच्या तळाशी ठेविली.

“तुम्हाला जायचंच होतं ना?” त्या म्हणाल्या. “कपाटातल्या फुल्या मी मोजते रोज. शुक्रवारची राहिलीये.”

साहेबांस त्या दिवशी फुली मारवली नाही.

मग मसलत न करिता, कोणास न विचारिता, त्यांनी वही काढिली. एकेचाळीस वर्षांत त्यांनी हजारो पोरांस जी शिक्षा दिली ती स्वतःस फर्माविली: दुभाष्याकडून वाक्य उतरून घेतले की, मी दुसऱ्याच्या कपड्यांस हात लावणार नाही, आणि त्या मुलखाच्या लिपीत शंभर वेळा लिहावयास बसले. बोटे आखडली, साठाव्या ओळीस चष्मा घामाने ओला जाहला, आणि सत्तराव्या ओळीस सातवी ब मधल्या कित्येक जणांची मनोमन माफी मागितली. शनिवारी सकाळी वही घेऊन एकटे दुसऱ्या मजल्यावर गेले. त्या इमारतीत त्यांनी ठोठाविलेल्या दारांपैकी हे पहिलेच ताबडतोब उघडले.

किल्लेदारीणबाईंनी वही घेतली आणि एकेका ओळीवर बोट ठेवून मोजिली. अठ्ठ्याण्णव भरल्या. त्यांनी पेन्सिल पुढे केली. साहेबांनी उंबऱ्यात उभ्याने, वही भिंतीस टेकवून, उरलेल्या दोन लिहून दिल्या.

तेव्हा किल्लेदारीणबाई आत गेल्या आणि ती चादर घेऊन आल्या. अजून चौकोनच होती, उलगडली नव्हती. दुभाष्यामार्फत सवाल जाहला की, बाकीचे जाऊ द्या, ही कोणी केली? मला साठ वर्षांत साधली नाही.

आता ऐकणाऱ्याने क्षणभर थांबावे. मी केली, एवढेच म्हणावयाचे होते. इज्जत राहती, आणि पकडणार कोण? परंतु साहेबांनी बोट वर चवथ्या मजल्याकडे केले.

“आमच्या मंडळींनी,” ते मराठीतच म्हणाले. “मला नाही जमली.”

दुपारी तळघरात दरबार भरला. मेट्रनबाई मेजाच्या शिरोभागी, नावाची पाटी पुन्हा छातीवर, समोर अकराही असामी आपापल्या चादरी घेऊन, आणि साहेबांची नेमणूक दोन कोपरे धरण्यावर. दुभाष्याची गरज लागली नाही, कारण बाईंनी वॉर्डात जी भाषा वापरिली तीच येथे वापरिली.

“अहो, धरा! सोडू नका! कोपऱ्यात कोपरा घाला. तो नव्हे, तो दुसरा! एकेचाळीस वर्षं भूमिती शिकवलीत ना?”

अकरा माणसे पोट धरून हसली. नवऱ्यास बोलणी बसत आहेत हे कळावयास कोठल्याच मुलखात भाषा लागत नाही. केस कापणाऱ्याची चादर सुटताच बस चालविणारी ओरडली, “धरा!” आणि मग सारे तळघर “धरा! धरा!” ऐसे गर्जू लागले. त्यांस एवढे मराठी पहिल्याच तासात आले; देवाविषयी मात्र कोणी अवाक्षर ऐकिले नाही, आणि कोणी सांगितलेही नाही.

येणेंप्रमाणे तह जाहला. तक्रार मागे घेतली. किल्लेदारीणबाईंनी आपल्या दोन रकान्यांपैकी एक खोडून, यंत्र दुसरे, वार मंगळवार, सकाळी दहा ते अकरा, हा मुलूख चवथ्या मजल्यास तोडून दिला, आणि तोही कोणी न मरता. बॅग पुन्हा वर गेली. शनिवारच्या अहवालात ‘दारे ठोठाविली’ येथे एक आणि ‘भेटी’ येथे अकरा असा आकडा पडला, तो पाहून पाळकसाहेबांनी बेरीज चुकली असे कळविले, त्यास उत्तर धाडिले नाही. कॅलेंडरावरील फुल्या शुक्रवारी थांबल्या त्या थांबल्याच.

पुढल्या मंगळवारी साहेबांनी मोठ्या दिमाखाने यंत्र लाविले, आणि जिन्यात केस कापणाऱ्याशी हातवारे करून बोलत बसले, ते खाली पोहोचेतो अकरा वाजून चार मिनिटे जाहली. पाहतात तो यंत्र दुसऱ्याच कपड्यांनी फिरते आहे, आणि मेजावर आपले सहा सदरे, एकावर एक, कॉलरीस कॉलर लावून, घडी करून ठेविलेले. वर चिठ्ठी, लाल पेन्सिलीने लिहिलेली. शब्द एकच होता, आणि तो साहेबांस वाचता येत होता.