थर्मासमधला एक घोट

चीनमधल्या अख्ख्या लांचौ शहरात थर्मास सांभाळावा तर मीच! सकाळी कत्तलखान्यातून मेंढ्यांची अंडाशयं घ्यायची, कोमट खारट पाण्यात बुडवायची आणि निवायच्या आत प्रयोगशाळेत पोचवायची, हे माझं काम. त्या दिवशी गाडी बंद पडली. मी रोंगताईला फोन लावला, “काळजी नको! मेट्रोनं येतोय. तू हातमोजे घालून तयार राहा!”

रोंगताई आमच्या प्रयोगशाळेतली सगळ्यात हुशार बाई. एका वेळी किती अंडी पिकायची, हे ठरवणारी जनुकं मेंढीच्या अंडाशयात काम करतात. मायक्रोआरएनए नावाचे चिमुकले रेणू त्यांचे निरोप वाटेतच दाबून टाकतात. कुठला रेणू कुणाचं तोंड दाबतो, हे शोधण्यात तिनं तरुणपण घातलं होतं. पेशी ताज्या हव्यात, नाहीतर सगळं पाण्यात!

मेट्रोच्या दारात तपासणीच्या बाईंनी थर्मासवर बोट ठेवलं. आत कुठलंही पातळ न्यायचं तर ते धोक्याचं नाही हे पिऊन दाखवायचं, असा इथला नियम. “एक घोट पिऊन दाखवा.”

“अहो, हे पिण्याचं नाही!”

“मग काय आहे?”

“अंडाशयं.”

बाई मुळ्यासारख्या पांढऱ्या पडल्या. “कुणाची?”

“तरुण, निरोगी माद्यांची,” मी घाईत बोलून गेलो. “आज सकाळीच काढलीत!”

रांग एकदम मागे सरकली. शिट्टी वाजली. पोलीस धावत आला.

“मेंढ्या! मेंढ्या!” मी ओरडलो.

“मेंढ्या कुणाला म्हणतोस रे?” त्यानं माझी कॉलर धरली.

बाईंनी झाकण उघडून आत डोकावलं आणि आतली ऊब निघून जाऊ लागली. तेवढ्यात गर्दीतले एक टोपीवाले आजोबा पुढे झाले. “पोरा, माझी मेंढी दरवर्षी एकच कोकरू देते. यानं जुळी होतील का?”

आता इतक्या आस्थेनं कोण विचारतं? कॉलर धरलेल्या अवस्थेतच मी व्याख्यान सुरू केलं!

आणि रोंगताई आली. माझा फोन चालूच राहिला होता. सगळा तमाशा ऐकून ती टॅक्सीनं धावली होती. अंगात पांढरा कोट, पायात सपाता. तिनं ओळखपत्र दाखवलं, झाकणात थोडं पाणी ओतलं आणि शांतपणे ओठांना लावलं.

“मेंढ्यांचीच आहेत,” ती म्हणाली. “मीठ बेताचं आहे.”

आजोबांनी टाळ्या वाजवल्या. माझे डोळे भरून आले. काय ही बाई!

“थर्मास यांचा आहे,” तपासणीच्या बाई म्हणाल्या. “यांनीही प्यायला हवं.”

ताईनं ज्या धीरानं केलं, त्याच धीरानं मी झाकण एका दमात रिकामं केलं!

ताईनं थर्मास कोटाच्या आत पोटाशी धरून नेला. पेशी जगल्या. काही दिवसांनी तिनं तो चिमुकला रेणू त्यांच्यात सोडला आणि जनुक बोलतंय तोवर चमकावा म्हणून त्याला जोडलेला प्रकाश हळूहळू मंदावला. अगदी तिनं भाकीत केलं होतं तसा! “हाच तो,” ती पुटपुटली.

“ताई, त्या दिवशी तू तो घोट घेतलास म्हणून हे झालं!”

“कसला घोट? मी नुसते ओठ टेकवले. वेड्या, त्यात जंतुनाशक असतं!” ती माझ्याकडे वळली. “तू प्यायलास?”

“छे! मीही नुसते ओठच टेकवले.”

“मग दुसऱ्या दिवशी रजा कशाची घेतली होतीस?”