पाट्या वाचून केलेली सांगलीची सहल

शहर ही फार नाजूक वस्तू आहे. खेड्यात माणूस कसाही वागला तरी खेडं मोडत नाही, कारण ते आधीच मोडलेलं असतं. शहराचं तसं नाही. तिथे एखादा माणूस चुकीच्या जागी नुसता उभा राहिला तरी शहराला त्रास होतो. म्हणून त्याने आपली सगळी दुखणी जागोजागी पाट्यांवर लिहून ठेवली आहेत. जबाबदार पर्यटकाने शहर पाहण्याच्या भानगडीत पडू नये. पाट्या वाचाव्यात आणि परत यावे.

कडेगावच्या पलीकडे असलेल्या आमच्या गावातल्या साक्षरता वर्गाने नेमके हेच केले. वर्गात सगळे पिकल्या केसांचे. शिकवणारा प्रबुद्ध आमच्या नातवंडांच्या वयाचा. आम्हाला अक्षरं लागल्यावर वरून आदेश आला की, नवसाक्षरांना शहरात नेऊन वाचनाचा सराव द्यावा. (शेतात वाचण्यासारखे काही नसते, हे वरच्यांनी अभ्यासाअंती शोधले होते.) टेम्पो ठरला. निघताना प्रबुद्धने नियम सांगितले : आपण नेलेलं सगळं आपणच परत आणायचं, तिथल्या लोकांना उपद्रव द्यायचा नाही आणि पाटी सांगेल ते ऐकायचं.

"आन पाटी नसंल तितं?" मेंढरामागं जन्म गेलेल्या बिराप्पानं विचारलं.

"तितं लाजायचं," प्रबुद्ध म्हणाला.

हरणाबाईला मात्र शहराशी काही देणंघेणं नव्हतं. तिची लेक विजयमाला सांगलीत दिलेली. जावयाचं म्हणणं, येण्याआधी कळवत जा. आणि कळवलं की नेमकी त्याच दिवशी मंडळी परगावी जात. म्हणून या खेपेला तिने कळवलं नव्हतं. वर्गात सगळे 'ग'पासून शिकले, पण हिने आधी 'विजयमाला' गिरवून घेतलं. म्हणायची, "दारावरचं लेकीचं नाव वाचाय आलं की मला कुनाला इचाराय नगं."

सांगलीत आम्ही आदर्श वागलो. 'येथे उभे राहू नये' दिसलं की चालत राहिलो. 'हिरवळीवर चालू नये' वाचून बाग बाहेरूनच पाहिली. 'येथे थुंकू नये' वाचल्यावर बिराप्पाने तोंडातली तंबाखू गिळली आणि तो बराच वेळ पोपटाच्या रंगाचा होता. त्याच पाटीखाली तिथले लोक खुशाल थुंकत होते, त्यावरून पाट्या फक्त पाहुण्यांसाठी असतात हे सिद्ध झाले. एका कचेरीवर 'कामाशिवाय आत येऊ नये' होतं. आम्हाला काम नव्हतं, म्हणून गेलो नाही. आतल्यांनाही नव्हतं, पण ते पाटी लागण्याआधी आत गेले असावेत.

दुपारी विजयमालाच्या इमारतीशी आलो. फाटकावर पाटी : 'फेरीवाले व अनोळखी इसमांना सक्त मनाई'. शेजारी 'येथे उभे राहू नये' हीही पाटी असल्यामुळे या विषयावरची सभा चालता चालता घेतली.

"मावशे, तू अनोळखी हाईस का?" प्रबुद्धने विचारलं.

"मी तिला जन्माच्या आदीपास्नं वळखती."

हा पुरावा ग्राह्य धरण्यात आला. "नाना, तुमी संगं जावा," असं मला सांगून प्रबुद्धने बाकीच्यांना पुढं नेलं.

वर गेलो. दार बंद. हरणाबाईनं शेंगाचटणीचं गठुडं काखेत धरलं आणि बोट ठेवून दार वाचायला घेतलं. सगळ्यात वर जावई : वीरधवल सावंत, अभियंता. त्याखाली : 'टायगरपासून सावध राहा'. त्याखाली : 'दुपारी एक ते चार घंटी वाजवू नये'.

"नाना, टायगर कोन?"

"कुत्रं आसंल."

तिने खालून वरपर्यंत पुन्हा एकदा वाचलं. मग चौकटही तपासली.

"कुत्र्याचं नाव हाय," एवढंच म्हणाली.

आतून भांडी विसळल्याचा आवाज येत होता. हरणाबाईनं कान लावला.

"तिचाच हात हाय. वाटी आपटती ती. ल्हानपनापास्नं."

"मग वाजीव की."

"पाटी हाय न्हवं."

"आगं, ती झोपल्याल्यास्नी हाय. ही तर जागी हाय."

"ही जागी हाय, पर पाटी लावनारा झोपला आसंल. मी वाजवून जायीन, ऐकून घ्यायचं तिलाच."

ती दोनदा खोकली, फक्त. टायगर भुंकला. भांडी थांबली. आतून पुरुषाचा जडावलेला आवाज आला, "विक्रेते असतील. उघडू नकोस."

भांडी पुन्हा सुरू झाली.

गठुडं उंबऱ्यावर ठेवायला ती वाकली, पण नेलेलं परत आणायचं हा नियम तिला आठवला. ते तिने पुन्हा काखेत मारलं. चटणी आम्ही परतीच्या वाटेवर खाल्ली. तिखट होती, त्यामुळे डोळ्यांत पाणी आल्याबद्दल कुणाला खुलासा द्यावा लागला नाही.

सहल यशस्वी झाल्याचा अहवाल वर गेला आहे. शहराला कसलाही त्रास झाला नाही. तुम्ही म्हणाल, म्हातारीने घंटी वाजवायला हवी होती. बरोबर आहे. पण आमच्याकडे जत्रेला येता, मटण खाऊन पत्रावळ्या विहिरीत टाकून जाता, तेव्हा आमच्या दाराला पाटी नसते. तुमच्या दाराला असते आणि आता ती आम्हाला वाचता येते. तेव्हा एखाद्या दुपारी दाराबाहेर कुणी खोकलं, तर उठायची तसदी घेऊ नका. थोडा वेळ पडून राहिलात की माणूस आपोआप निघून जातं.