बदली छप्पर

मार्चमधल्या गारपिटीत आमच्या घराचं छप्पर गेलं, आणि नवं मंजूर होईपर्यंत विमा कंपनीने त्या जागी प्रभाकर ढेपे यांना पाठवलं.

आमच्या विम्यात तशी सोयच होती. छप्पर गेल्यास दावा निकाली निघेपर्यंत कंपनी बदली छप्पर देईल, असं एजंटने विमा उतरवतानाच सांगितलं होतं. ढेपे उदगीरच्या स्टँडवर उतरून पिशवी घेऊन चालत घरी आले. साधारण पन्नाशीचे, खाकी शर्ट, पायात चपला. चहा घेतला, घर आतून-बाहेरून पाहून घेतलं, भिंती सरळ आहेत का ते हाताने चाचपून बघितलं. मग शिडी लावून वर चढले, पालथे पडले, हातपाय चारी भिंतींवर नीट टेकवले आणि घर झाकलं गेलं.

"कुठून ऊन येतंय का बघा," ते वरून म्हणाले.

न्हाणीच्या कोपऱ्यातून थोडं येत होतं. त्यांनी डावा पाय जरा लांबवला, तेही बंद झालं.

आमचं घर तीन खोल्यांचं. माझे यजमान रमाकांत बाजार समितीत मापाडी आहेत, मी बालवाडी चालवते. मधल्या खोलीत अण्णांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची खाट. अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आल्यापासून ते खाटेवरच आहेत. जीभही जड झाली होती. ते काही सांगायला लागले की आम्हाला निम्मं कळायचं नाही, आम्ही "बरं बरं" म्हणायचो. त्यांनाही ते समजत असावं, कारण हळूहळू त्यांनी बोलणंच सोडलं. दिवसभर पत्र्याकडे बघत पडून राहायचे.

आता पत्र्याच्या जागी ढेप्यांचा चेहरा आला. तो बरोबर अण्णांच्या खाटेवर आला होता. पहिल्या दिवशी दोघांना संकोच वाटला. अण्णांनी डोळे मिटून घेतले, ढेप्यांनी मान वळवून भिंतीकडे बघितलं. पण मान वळवली की देवघराजवळ फट पडायची, त्यामुळे त्यांना पुन्हा सरळ बघावं लागलं.

दुसऱ्या दिवशी अण्णा काहीतरी पुटपुटले. मी सवयीने "बरं बरं" म्हणणार, तेवढ्यात ढेपे म्हणाले, "वहिनी, ते विचारताहेत की मी कुठल्या गाडीने आलो."

"तुम्हाला कसं कळलं?"

"वरून ओठ सरळ दिसतात," ढेपे म्हणाले. मग अण्णांना म्हणाले, "लातूर-देगलूर. नळेगावला पंक्चर झाली."

त्यावर अण्णा बराच वेळ बोलले. नळेगावच्या अलीकडचं वळण कसं वाईट आहे, तिथे त्यांनी स्वतः एकदा गाडी कशी सावरली, हे सगळं त्यांनी सांगितलं आणि ढेपे आम्हाला ते वरून सांगत गेले. अण्णांना मराठवाड्यातला एकूण एक रस्ता माहीत होता. ढेप्यांनी त्यातल्या बऱ्याच गावांवर दिवस काढले होते. कंधारला एका शिक्षकाचं घर, गंगाखेडला पिठाची गिरणी, औशाला एक बाळंतीण होती तिची खोली. गप्पांना तोटा नव्हता.

माणूस छप्पर असल्यावर घरात काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. स्वयंपाकघरावर त्यांची छाती येत होती, म्हणून फोडणी मी अंगणात देऊ लागले. जेवण बांबूला बांधून वर द्यायचो. एप्रिलमध्ये ऊन वाढलं तसा त्यांना घाम यायला लागला आणि घरात ठिपकायला लागला. ढेप्यांनी स्वतःच सांगितलं की छप्पर गळत असेल तर कंपनीकडे तक्रार करण्याचा आम्हाला हक्क आहे, ते मनाला लावून घेणार नाहीत. माझ्या यजमानांनी गोणपाट भिजवून आणलं, शिडीवर चढून ढेप्यांच्या पाठीवर पसरलं, आणि रोज दुपारी त्यावर पाणी मारायला लागले.

मे महिन्यात कंपनीचे सर्व्हेअर नेरलेकर पाहणीला आले. तरुण होते, स्वभावाने वाईट नव्हते. त्यांनी चपला बाहेर काढल्या, आत येऊन वर बघितलं आणि म्हणाले, "छप्पर आहे की."

"ते बदली आहे, साहेब," हे म्हणाले.

"कंपनीचंच ना?"

"हो."

"मग आहे म्हणायचं. मला आहे की नाही एवढंच बघायचं असतं." त्यांनी ढेप्यांना नमस्कार केला. ढेप्यांना हात जोडता येत नव्हते, त्यांनी डोळ्यांनी केला. नेरलेकरांनी 'छप्पर शाबूत' असा शेरा मारला आणि ते गेले.

छप्पर शाबूत म्हणून आमचा दावा फेटाळला गेला. दावाच फेटाळल्यावर बदली छपराचं कारण उरलं नाही, म्हणून ढेप्यांना परत बोलावणं आलं. ते खाली उतरले. ते उतरल्यावर घरावर काही राहिलं नाही, म्हणून ह्यांनी नवा दावा टाकला. दावा दाखल झाल्यावर कंपनीने बदली छप्पर पाठवलं. ढेपे लातूरपर्यंत जाऊन परत आले.

"हे असं किती दिवस चालतं?" मी विचारलं.

"गंगाखेडच्या गिरणीवर चौथा उन्हाळा पाहिला," ढेपे म्हणाले.

हे बँकेत गेले. छपरासाठी कर्ज मिळतं असं त्यांनी ऐकलं होतं. मॅनेजर बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "सध्या घरावर कोणाचं छप्पर आहे?" ह्यांनी कंपनीचं म्हणून सांगितलं. बाई म्हणाल्या, दुसऱ्याच्या छपराखाली असलेल्या घराला नव्या छपरासाठी कर्ज देता येत नाही. ते निघालं की या, किंवा विम्याचा होकार घेऊन या, उरलेल्याचं बघू.

पाऊस सुरू झाला. ढेपे गळत नव्हते. पण जुलैत त्यांना खोकला लागला. खोकला आला की भिंतींच्या कडेने पाणी आत यायचं, आणि मग ते माफी मागायचे. रात्रंदिवस पाठीवर पाणी. मी काढा करून द्यायचे, तो बांबूवरून जाईपर्यंत निवायचा. एकदा त्यांच्या पाठीवर तरवडाचं रोप उगवलेलं ह्यांना दिसलं. ते उपटू लागले तर ढेपे म्हणाले, "असू द्या, दुखतं."

अण्णांनी त्या दिवशी माझ्याकडे बघून काहीतरी सांगितलं. मला कळलं नाही. मी वर बघितलं.

"काय म्हणताहेत अण्णा?"

"ते माझ्याबद्दल आहे, वहिनी."

"तरी सांगा."

ढेपे म्हणाले, "ह्या माणसाला खाली घ्या, असं म्हणताहेत."

मी ओट्यावरचं काम टाकून खाटेपाशी बसले. अण्णांचं तोंड बघत मी म्हटलं, पुन्हा सांगा, सावकाश. या वेळी मला त्यातले दोन शब्द कळले. तीन वर्षांत मी असं कधी बसलेच नव्हते.

त्या संध्याकाळी आम्ही सगळे मधल्या खोलीत बसलो. पेच सरळ होता. ढेपे वर असेपर्यंत छप्पर होतं, आणि छप्पर असेपर्यंत नवं छप्पर मिळणार नव्हतं. सर्व्हेअर येतील त्या दिवशी ढेपे वर नसले पाहिजेत. पण कामावर असताना जागा सोडली तर त्यांची नोकरी जाईल.

"तुम्हाला रजा नसते का?" ह्यांनी विचारलं.

"असते," ढेपे म्हणाले. "कधी घेतली नाही."

"का?"

"खाली माणसं असतात."

अण्णा लगेच काहीतरी बोलले. ढेप्यांनी ते आम्हाला सांगितलं नाही, फक्त म्हणाले, "ओलं व्हाल, अण्णा. तुम्हाला उठता येत नाही." अण्णांनी चांगला हात हलवला. एसटीचा ड्रायव्हर मागच्या गाडीला 'पुढे जा' म्हणून करतो, तसा.

नेरलेकरांना पुन्हा पाहणीला बोलावलं. ऑगस्टमधला बुधवार मिळाला. ढेप्यांनी त्या दिवसाची रजा टाकली, ती मंजूर झाली. सकाळपासून मुसळधार. आम्ही धान्य शेजारी नेऊन ठेवलं, देव टोपलीखाली ठेवले, अण्णांच्या अंगावर प्लास्टिकचा कागद घातला. मग ढेपे एकेक हात, एकेक पाय सोडवत भिंतीवरून खाली आले आणि पाऊस सरळ घरात शिरला.

रजेवर असलेला माणूस कुठेही जाऊ शकतो. मी म्हटलं, शेजारी जाऊन बसा, पाठ शेका. ते गेले नाहीत. त्यांनी खुंटीवरची छत्री घेतली, खाटेच्या उशाशी स्टूल ओढलं आणि अण्णांच्या तोंडावर छत्री धरून बसले. अण्णा त्यांच्याकडे आडवे बघत होते. तोवर त्यांनी ढेप्यांना नीट पाहिलं होतं ते फक्त खालून.

अण्णा हसले आणि काही म्हणाले. या वेळी मला सगळं कळलं. ते म्हणाले, "एवढेसे आहात होय."

"मोजून बारा पत्र्यांचा आहे म्हणून सांगतात कंपनीत," ढेपे म्हणाले. त्यांनी मोकळ्या हाताने अण्णांचा हात धरला.

नेरलेकर दुपारी आले. दारातून आत पाऊल टाकलं तसे भिजलेच. त्यांनी वर बघितलं. पाणी त्यांच्या चष्म्यावर पडत होतं.

"छप्पर कुठे गेलं?"

"रजेवर आहे," हे म्हणाले.

"आणि हे गृहस्थ कोण?"

"अण्णांचे स्नेही."

नेरलेकरांनी ढेप्यांना ओळखलं असावं, कारण त्यांनी पुन्हा डोळ्यांनीच नमस्कार केला. पण छप्पर आहे की नाही एवढंच त्यांना बघायचं होतं, आणि ते नव्हतं. शेरा लिहायला त्यांनी कागद काढला, तो भिजून फाटला. दुसरा काढला, तोही गेला. शेवटी ते ढेप्यांच्या छत्रीखाली वाकले आणि अण्णांच्या छातीवरच्या प्लास्टिकवर कागद ठेवून लिहिलं, 'छप्पर नाही.' अण्णांनी ते होईपर्यंत श्वास रोखून धरला होता.

दावा मंजूर झाला. घर जुनं म्हणून कंपनीने सगळा खर्च दिला नाही. पण मंजुरी बघून मॅनेजर बाईंनी उरलेल्याचं कर्ज दिलं, आणि हप्ता ह्यांच्या पगारातून जाईल असा बसवून दिला. पत्र्याखालच्या लोखंडी कैच्या आल्या, पत्रे आले. मिस्त्री एका बाजूने पत्रा बसवत जायचे तसतसे ढेपे दुसऱ्या बाजूला अंग आवरत जायचे. शेवटी फक्त चेहरा आणि खांदे अण्णांच्या खाटेवर राहिले. मिस्त्री म्हणाले, "एवढं झालं की संपलं." अण्णा त्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मिस्त्री शहाणे होते, ते चहा प्यायला गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

ढेप्यांची पुढची नेमणूक मुखेडला झाली. जाताना मी त्यांना चटणी, धपाटे आणि ह्यांचा एक स्वेटर दिला. पाठीवरचं रोप तसंच होतं, स्वेटर त्यावरून बेताने घालावा लागला.

नवं छप्पर चांगलं आहे. थेंब पडत नाही. अण्णांची खाट आम्ही तिथेच ठेवली. मी रोज संध्याकाळी त्यांच्यापाशी बसते, त्यांच्या तोंडाकडे बघते, आणि पूर्वीपेक्षा मला खूप कळतं. पण रस्त्यांचं माझ्याशी कसं बोलणार? मी लातूरच्या पलीकडे गेलेली नाही. दसऱ्याच्या सुमाराला त्यांनी वर बघणं सोडलं आणि भिंतीकडे तोंड करून पडायला लागले. जेवण अर्ध्यावर आलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की काही दोष नाही.

ह्यांनी समितीतल्या ओळखीने टेम्पो आणला. अण्णांना खाटेसकट टेम्पोत चढवलं आणि आम्ही मुखेडला गेलो.

ढेपे होते ते घर कासार आळीत होतं. आगीत वरचं मातीचं छप्पर, माळवद, गेलेलं. दारात चंद्रभागाबाई उभ्या होत्या, बांगड्यांचा धंदा करणाऱ्या. मी आमचं नाव सांगू लागले तर म्हणाल्या, "उदगीरचे ना तुम्ही? या. कंधारचे गुरुजी सकाळीच आलेत. गंगाखेडचे जेवून पडलेत."

आत सतरंज्या अंथरल्या होत्या. एक म्हातारे गृहस्थ उताणे पडून वर बघत होते. शेजारी नवरा-बायको, त्यांच्या केसांत पीठ. पलीकडे औशाची बाई आपल्या मुलीला घेऊन पडली होती; मुलगी आता चालण्याएवढी झाली होती. सगळे हळू आवाजात बोलत होते.

"दर रविवारी असतात," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "मला बरं वाटतं. नाहीतर एकटीच असते."

ढेप्यांच्या चेहऱ्याखालची एक जागा रिकामी होती. खाट तिथे बरोबर बसली. ह्यांनी अण्णांना उताणं केलं, डोक्याखाली उशी सरकवली. वर ढेपे होते, अंगात स्वेटर होता. खोकला थांबलेला दिसला.

"या, अण्णा," ते म्हणाले. "रस्ता कसा होता?"

अण्णांनी तोंड उघडलं. जळकोटच्या पुढे कुठे कुठे खड्डे आहेत ते त्यांनी सांगायला घेतलं, आणि टेम्पोवाल्याने कुठल्या वळणावर गिअर बदलायला हवा होता तेही. गंगाखेडचे दोघं ऐकायला कुशीवर वळले. अण्णा अडखळले, थांबले, पुन्हा मागच्या फाट्यापासून सुरू केलं.

"सावकाश सांगा," ढेपे म्हणाले. "मला कुठे जायचंय."