मधून बाहेर, तीन दमात

निवृत्ती फिटर शर्टाची बटणं मधल्यापासून लावतो. आधी पोटावरचं, मग त्याच्या वरचं, मग खालचं. गळ्यापर्यंत पोचेस्तोवर आपला चहा पिऊन होतो. तळेगाव ढमढेऱ्यात बाजारतळाच्या मागं त्याचं गॅरेज आहे, आणि डोकं कायम कुठल्या तरी इंजिनात.

लग्नात त्याला कुणी वाढायला देत नाही. एकदा दिलं होतं. जिलबीचं ताट घेऊन गडी थेट पंगतीच्या मधोमध गेला. एकाला इकडं, एकाला तिकडं, असा वाढत कडेला निघाला. टोकाला नवरदेवाचा मामा बसलेला. तो ओरडला, "आम्हाला काय आवतान न्हाई व्हय रं?"

"थांबा मामा," निवृत्ती म्हणाला, "दाब सारखा बसला पायजे."

मी तळेगाव ते शिरूर वडापची जीप चालवतो. या वयात चालवतो, कारण बायको गेल्यापासून घरात बसवत नाही. जीप उभी राहिली की मी नुसता भिंतीकडं बघत बसतो. आणि नेमकं शिरूरच्या रस्त्याला इंजिनाच्या हेडचं गॅस्केट उडालं. बॉनेटमधून वाफ, पाशिंजर रस्त्यावर. जीप ओढत निवृत्तीकडं आणली.

त्यानं हेड साफ केलं, नवं गॅस्केट टाकलं, एकेक बोल्ट पुसून तेलाचं बोट लावलं. आता आवळले की सुटलो, असं मला वाटलं. तर यानं सगळे बोल्ट जेमतेम टेकवले आणि तंबाखू मळत बसला.

"आवळ की रं! मुहूर्त बघतो का?"

"मधून भाईर, आबा. आन् तीन दमात. एका अंगानं आवळलं तर हेड वाकडं बसतंय. मंग पुन्हा वाफ."

मी गॅरेजात येरझाऱ्या घालायला लागलो. दुसऱ्या दमाला त्याच्या हातातला पानाच ओढला.

"घाई घरी ठिवून येत जा, आबा."

"घरीच जायचं नाही मला," मी बोलून गेलो.

त्यानं नुसतं बघितलं माझ्याकडं. असंच त्यानं हिची तिरडी बांधताना बघितलं होतं. दिवस मावळायला आलेला, सगळ्यांना घाई. हा मात्र सुतळी मधून बांधायला लागला, एक गाठ इकडं, एक तिकडं. मेव्हणा खेकसला, "फिटर, हे इंजिन न्हाई!"

"एकदम आवळू नगा," हा म्हणाला. "माईस्नी लागंल."

मेलेल्या माणसाला काय लागतंय? पण त्या दिवशी एवढंच माझ्या कानात शिरलं.

जीप झकास चालू झाली. "इंजिन तापून निवलं की बोल्ट परत बघाया लागत्यात," म्हणाला, आणि आठवड्यानं स्वतः घरी येऊन आवळून गेला. काम संपलं.

तर पुढच्या आठवड्यात पुन्हा हजर. "जरा बोल्ट बघतो." बॉनेट उघडलं, मिटलं, आणि अंधार पडेपर्यंत ओट्यावर बसून कुणाकुणाच्या ट्रॅक्टरची दुखणी सांगत राहिला. मग हे नेहमीचंच झालं.

शेवटी मी तोंडावर विचारलं, "तुझं काम कच्चं हाय का रं?"

दुसरं कुणी असं बोललं असतं तर पाना फेकून मारला असता. हा खाली बघत म्हणाला, "व्हय आबा. जरा कच्चंच झालंय."

बसताना त्याच्या खिशातला पाना फरशीवर पडला. दहा नंबरचा, बारका. हेडच्या बोल्टाच्या डोक्यावर तो बसतसुद्धा नाही. एवढं मलाही आता कळतं.

मी पाना उचलून त्याच्या हातात दिला. "बघ बाबा बोल्ट. ढिलं झालं असतील. मी चहा ठेवतो."

आत जाऊन दोन कप पाणी घातलं. साखरेचा डबा वाजला तसा बाहेरून आवाज आला, "आबा, साखर एकदम टाकू नगा!"

हिच्या स्वयंपाकघरात उभं राहून मी त्याला एक कचकचीत शिवी दिली. आणि साखर तीनदा टाकली.