देवरे आबांचा अनुमोदक

माझ्या हातून एक चूक झाली आहे. ती आधीच सांगून टाकतो. नंतर सांगायची म्हटली तर मी ती मऊ करून सांगेन, हे मला स्वतःबद्दल पुरतं ठाऊक आहे. चूक अशी, की एका रविवारी सकाळी भरसभेत माझा उजवा हात वर जायला हवा होता आणि तो गेला नाही. त्या हातात पेन होतं. मी मान खाली घालून लिहीत राहिलो. काय लिहीत होतो तेही सांगतो. काहीच नाही. नुसत्या रेघोट्या.

ज्यांच्यासाठी तो हात वर जायला हवा होता, ते आमच्या तळमजल्यावरचे देवरे आबा.

आबांच्या घरी तुम्ही पहिल्यांदा गेलात तर चहा लगेच मिळायचा नाही. आधी ठराव मांडला जायचा. आबा खुर्चीत ताठ बसून घसा साफ करायचे. "आलेल्या पाहुण्यांसाठी चहा करण्यात यावा. सूचक, देवरे. अनुमोदक?"

आतून जिजींचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा, आवाज यायचा, "अनुमोदन!"

"विरोधात कोणी?" असं म्हणून आबा पाहुण्याकडे रोखून बघायचे. पाहुणा गडबडून मान हलवायचा. "ठराव सर्वानुमते मंजूर." मग गॅस पेटायचा. साखर कमी हवी असेल तर त्याच वेळी दुरुस्ती सुचवायची. चहा आल्यावर सुचवलेली दुरुस्ती आबा मुदतीनंतर आली म्हणून फेटाळायचे, आणि पाहुणा गोड चहा मुकाट्याने प्यायचा.

आबा मूळचे देवळ्याकडचे. तिकडच्या एका सहकारी संघात त्यांनी तीसेक वर्षं सभांची इतिवृत्तं लिहिली. कांद्याच्या भावावरून सभेत चपला उडाल्या, तरी आबांच्या वहीत 'सदस्यांनी चर्चेत उत्साहाने भाग घेतला' एवढंच. निवृत्त झाल्यावर ते नाशिकला, अशोक स्तंभामागच्या गल्लीतल्या आमच्या सोसायटीत राहायला आले. वही तिकडे राहिली, भाषा मात्र त्यांच्याबरोबर आली. भाजीवाल्याने भाव सांगितला की आबा म्हणायचे, "दुरुस्ती सुचवतो." एकदा भांडण होऊन जिजी रागाने फाटकापर्यंत चालत गेल्या, तर आबा शेजाऱ्यांना शांतपणे म्हणाले, "सभात्याग केलाय. येतील." आल्या. बंगळुरूच्या मुलीला दर रविवारी फोन करतात, त्याची सुरुवातही मागच्या फोनचं इतिवृत्त कायम करण्यापासून होते. "मागील खेपेस तू सर्दी झाल्याचं निवेदन केलं होतंस. त्यावर पुढे काय कार्यवाही?"

मी सहा वर्षांपूर्वी सोसायटीचा सचिव झालो तो दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून. सातपूरच्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो. नट-बोल्टांची नोंद ठेवता येते, माणसांची येत नव्हती. इतिवृत्त कसं लिहायचं ते मला आबांनी शिकवलं. माझं पहिलं इतिवृत्त त्यांनी लाल पेनाने इतकं दुरुस्त केलं, की शाळेतली वही परत मिळाल्यासारखं वाटलं. खाली शेरा होता: 'जे घडले तेच लिहावे. जे घडले ते सर्व लिहावे.'

हा शेरा लक्षात असू द्या.

आमच्या फाटकाबाहेर, कुंपणाला लागून, शहाबादी फरशीचा एक ओटा आहे. एका कोपऱ्याला तडा गेलाय. दुपारी चार वाजता आबा तिथे येऊन बसतात. इस्त्रीवाला गठ्ठा टेकवतो, क्लासच्या मुली रिक्षाची वाट बघतात, पेठ तालुक्यातून रानभाज्या घेऊन येणाऱ्या यमुनाबाई परतीच्या एस.टी.ची वेळ होईपर्यंत टोपली उतरवून बसतात. आबांच्या लेखी ही रोजची सभा. तीन माणसं म्हणजे गणपूर्ती. तिघं जमले नाहीत, की आबा रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर करतात, "गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब!" अर्ध्या तासाने तिथेच, तसेच बसून, सभा पुन्हा सुरू. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, असा नियमच आहे. म्हणजे एकटे आबाही चालतात. यावर आम्ही पोट धरून हसायचो.

चार वर्षांपूर्वी जिजी गेल्या. त्यानंतर चहाचा ठराव घरातून ओट्यावर आला, एवढाच फरक मला दिसला. आबा ठराव मांडायचे आणि यमुनाबाई म्हणायच्या, "कर ना बाबा, मी कुठं नाय म्हनते."

"अनुमोदन समजू?"

"समज."

मग आबा लगबगीने आत जाऊन दोन कप घेऊन यायचे.

आणि मग आमच्याकडे टॉवर आला. म्हणजे आधी टॉवरचं चित्र आलं. आमची तीन मजली इमारत पाडून तिथे चौदा मजले उभे करायचे, असा बिल्डरचा प्रस्ताव. चित्र बघून अख्खी सोसायटी आनंदाने वेडी झाली. त्यात कारंजं होतं, काचेचा दरवाजा होता, आणि खाली हिंडणाऱ्या माणसांपैकी एकही आमच्यातला नव्हता. सगळे उंच, बारीक आणि टेनिसची बॅट घेतलेले. जिन्यात, गच्चीवर, दूध घेताना, एकच विषय. अध्यक्ष पिंगळे जो भेटेल त्याला अडवून सांगत होते, "कुंभमेळ्याच्या आधी पाया घातलाच पाहिजे!" दुसऱ्या मजल्यावरचे कासार सर विरोधी गटाचे पुढारी. "चौदा मजल्यांना पाणी कुठून आणणार, गोदावरीतून बादल्या भरून?" असं ते प्रत्येकाला विचारायचे. दोन्ही गट आबांकडे खेपा घालत होते. आबांचा कल कुणालाच कळत नव्हता. "सभेच्या बाहेर मत देता येत नाही," एवढंच ते म्हणायचे. मी आणि माझी बायको वंदना तर कट्टर टॉवरवाले. आम्ही बाल्कनीतल्या फरशीचा रंगही ठरवून बसलो होतो.

सभेच्या आदल्या दिवशी आबांनी मला ओट्यावर बोलावलं. हातात घडी घातलेला कागद. त्यावर त्यांच्या गोल अक्षरात: 'नवीन इमारतीच्या फाटकालगत, रस्त्याकडे तोंड करून, सहा फूट लांबीचा ओटा असावा व त्यावर बसण्यास कोणासही मज्जाव नसावा.'

"सचिवसाहेब, अनुमोदक लागेल."

"मी आहे ना आबा. त्यात काय!"

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय, शंभर टक्के."

आबांनी खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढला आणि कागदाखाली लिहिलं: अनुमोदक, मोरे. "उद्या सभेत शाईने करू," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये मांडव घातल्यासारखी गर्दी. मधोमध टेबलावर टॉवरचं थर्माकोलचं मॉडेल, त्यात खरे दिवे लागत होते. कासार सर पाण्यावर बोलले, पार्किंगवर बोलले, गच्चीवरच्या पापडांवर बोलले. टॉवरवाल्यांनी आरडाओरडा केला, तेव्हा आबांनीच उठून सगळ्यांना दटावलं, "विरोधी मताला पूर्ण वेळ मिळेल. बसा खाली!" कासार सरांचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं, आबा आपले.

मग आबा स्वतः बोलायला उभे राहिले. तिसऱ्या मजल्यावरच्या गोसावीबाईंकडे वळले. "बाई, तुमच्या पायऱ्या किती?"

"त्रेपन्न," बाई म्हणाल्या. गुडघेदुखीवाल्या माणसाला असले आकडे पाठ असतात.

"गेल्या वर्षी यांना खुर्चीत बसवून खाली आणलं, तेव्हा मी जिन्याच्या तळाशी उभा होतो. एकेका पायरीला डोळे मिटत होत्या. लिफ्ट पाहिजे. मी ठरावाच्या बाजूने."

काय टाळ्या पडल्या! पिंगळ्यांनी आबांना मिठी मारली. काठावरचे चार जण आबांच्या मागोमाग आले आणि ठराव मंजूर झाला. लाडू फिरले. मला वंदनाने लांबूनच बाल्कनीची खूण केली.

त्या गलक्यात आबांनी कागद उघडून ओट्याची सूचना वाचली. बिल्डरच्या आर्किटेक्टने हसून सांगितलं, की त्या जागी जनरेटर आहे, नकाशा बदलायचा तर दोन-तीन महिने सहज जातील. एकदम कुरबुर सुरू झाली. "काचेच्या दरवाज्यासमोर भाजीच्या टोपल्या का?" कोणीतरी मागून ओरडलं. पिंगळे हसत हसत म्हणाले, "बघू तरी, याला अनुमोदन कोण देतोय!"

आबा माझ्याकडे बघत होते, हे मला न बघताही कळत होतं. मी रेघोट्या ओढत होतो.

आबा सभेत कायम शुद्ध सरकारी मराठी बोलतात. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून सभेत अहिराणी ऐकली. अगदी हळू. "कोनी शे का?"

कोणी नव्हतं. मी इतिवृत्तात लिहिलं: 'अनुमोदक न मिळाल्याने सूचना बारगळली.' सभा संपल्यावर आबांनी तो कागद माझ्यापुढे ठेवला. "दप्तरी दाखल करा," म्हणाले. रागाचा शब्द नाही. मी तो न उघडताच फायलीत सरकवला.

पुढचे आठ दिवस चार वाजता ओटा रिकामा. यमुनाबाईंनी मला विचारलं, "आबाला बरं नाय का?" मी म्हटलं, "असेल काही." नवव्या दिवशी घरं रिकामी करण्याचे फॉर्म वाटायचे होते. दुपारी आबांच्या दाराशी गेलो. दार नुसतं लोटलेलं. आतून आबांचा आवाज आला, तोच, सभेचा.

"चहा करण्यात यावा. सूचक, देवरे."

मी थबकलो. कोणी आलंय वाटतं, म्हणून फटीतून पाहिलं. कोणी नव्हतं. आबा खुर्चीत, तोंड स्वयंपाकघराकडे.

"अनुमोदक?"

ते थांबले. सभेत थांबतात तितका वेळ थांबले. मग म्हणाले, "बारगळला." आणि तसेच बसून राहिले. गॅस पेटला नाही.

आबांना नवा फ्लॅट नवव्या मजल्यावर मिळणार होता. आम्ही त्यांचं अभिनंदन केलं होतं. नवव्या मजल्यावर टोपली उतरवून टेकायला कोण येणार होतं, हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच पडला नव्हता. ओटा मागणाऱ्या माणसाला पडला होता. तरीही त्याने गोसावीबाईंच्या गुडघ्यांसाठी हात वर केला होता.

मी फॉर्म न देताच वर आलो. फाईल काढली, आबांचा कागद सभेनंतर पहिल्यांदा उलगडला. सूचक, देवरे, हे शाईत. त्याखाली 'अनुमोदक' या शब्दापुढे जागा कोरी. पण कागद तिरपा धरला तर पेन्सिलीचा दाब दिसत होता. आबांनी माझं नाव खोडरबराने पुसलं होतं. पुढे कधी कोणी दप्तर चाळलं, तर मोऱ्यांनी शब्द फिरवला हे दिसू नये म्हणून. जे घडले ते सर्व लिहावे, असं मला शिकवणाऱ्या माणसाने आयुष्यात बहुधा एकदाच लिहिलेलं पुसलं, आणि तेही माझ्यासाठी.

ओट्याचं काय झालं ते इथेच सांगतो, म्हणजे शेवटी फक्त माफी उरेल. मी आर्किटेक्टकडे तीन खेपा घातल्या, पिंगळ्यांशी भांडलो, वंदनाशीही थोडा भांडलो. जनरेटर मागे सरकला. नव्या नकाशात ओटा आहे, पण साडेचार फुटांचा. राहिलेल्या दीड फुटाबद्दल आबा अजून पत्रव्यवहार करत आहेत.

पुढची सभा महिन्याने भरली. सगळे होते. आबा मागच्या रांगेत. विषय क्रमांक एक प्रत्येक सभेत तोच असतो: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. एरवी कोणी वाचत नाही. 'वाचलं असं समजू' म्हणतात आणि पुढे जातात. पिंगळे तेच म्हणाले. मी उभा राहिलो.

"आज मी वाचणार आहे," मी म्हणालो. "पान तीनवर एक दुरुस्ती आहे. 'अनुमोदक न मिळाल्याने सूचना बारगळली' हे वाक्य खोटं आहे. अनुमोदक होता. त्याने आदल्या दिवशी शब्द दिला होता. सभेत तो याच टेबलामागे बसून लिहिण्याचं सोंग करत होता. तो मी होतो. आबांनी मला सांभाळून घ्यायला कागदावरचं माझं नाव पुसलं. आबा, मी घाबरलो आणि तुम्हाला एकटं सोडलं. मला माफ करा. आणि हे सगळं इतिवृत्तात घ्यावं, अशी माझी सूचना आहे."

"अहो मोरे," पिंगळे कुजबुजले, "असलं काही इतिवृत्तात कसं घेता येईल? आणि याला अनुमोदक कोण?"

मागच्या रांगेत खुर्ची सरकली. आबा उभे राहिले, घसा साफ केला, आणि हात वर केला.

"अनुमोदक, देवरे," ते म्हणाले. "लिहा, सचिवसाहेब. शाईने."