डब्यावर नजर

हे सांगायची मला काडीची हौस नाही. पण सूनबाई म्हणते, ‘बाबा, घोळ तुम्ही घातलात आणि लोक जिन्यात मला अडवून विचारतात. एकदा लिहूनच टाका.’ मी शिंपी. शाळा चौथीत सुटली. माझ्या हाताला सुई बसते, पेन बसत नाही. चुकलं तर उसवून वाचा.

मुलगा घरूनच काम करतो. कंपनीला आलेल्या तक्रारी कॉम्प्युटरवर वाचायच्या आणि लोकांची गोड शब्दांत समजूत काढायची. (घरातल्या तक्रारींना ही सोय नाही.) समोर स्क्रीन, शेजारी मोबाइल, आणि तो सारखा टिंग. ऑफिसचा ग्रुप, बिल्डिंगचा ग्रुप, मावसभावांचा ग्रुप, आणि ज्या गावाला तो जन्मात जाणार नाही तिथलं हवामान. संध्याकाळी कपाळ धरून बाहेर यायचा आणि म्हणायचा, ‘बाबा, ते मशीन बंद करा. डोकं फुटतंय.’

माझं शिलाई मशीन! दुकान गेलं, बायको गेली, हे एवढं राहिलं. सूनबाई हळूच म्हणाली, ‘माळ्यावर ठेवू या का?’ मलाच उचलून माळ्यावर ठेवतायत असं वाटलं.

धरून नेलं मुलाला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी आधी डोळे तपासले, मग मोबाइल.

‘स्क्रीनकडे एकटक बघता, पापणीही लवत नाही. त्यात ही टिंगटिंग. मोबाइल लांब ठेवा. आणि मधून मधून वीस फुटांवरचं काहीतरी बघत जा.’

‘आणि मशीनचं काय?’ मी विचारलं.

‘कसलं मशीन?’

‘बास! ऐकलंस ना रे?’

घरी आल्यावर मुलगा म्हणाला, आठवण करून द्यायला ॲप मिळतं. म्हणजे टिंग कमी करायला आणखी एक टिंग! म्हटलं, ‘मी मेलोय का? मी ओरडेन.’

इथंच माती खाल्ली.

वीस फूट खोलीत मावेनात. उरलेलं माप खिडकीबाहेर नजरेनं घेतलं. (जन्मभर गिऱ्हाइकांची पोटं नजरेनंच मोजली.) ते नेमकं समोरच्या स्वयंपाकघरातल्या निळ्या डब्यावर पडलं. झालं! मधून मधून मी मशीन थांबवायचो आणि ओरडायचो, ‘डब्यावर नजर!’ की मुलगा मान वर करून डब्याकडे टक लावायचा.

त्या घरात राहतात एक रिटायर हवालदार. त्यांना साखर बंद, आणि डब्यात क्रीमची बिस्किटं, नातवाच्या नावावर. मला काय ठाऊक! हवालदारांनी झाकण उघडावं आणि इकडून आरोळी यावी. दचकून बघावं तर माझा मुलगा डब्याकडेच बघतोय.

आठवड्याच्या आत हवालदार फुटले. बायकोपुढे सगळं कबूल केलं, न विचारलेलंसुद्धा. मग आमची बेल दाबली.

‘मास्तर, किती दिवस चाललंय हे?’

मला वाटलं, डोकेदुखीचं विचारतायत. ‘दोन वर्षं झाली. पण आता आराम आहे.’

‘आराम? नजर ठेवायला कुणी सांगितलं तुम्हाला?’

‘डॉक्टरांनी.’

हवालदार भिंतीला टेकले. ‘डॉक्टरसुद्धा सामील?’

‘त्या म्हणाल्या, रोज करा. भल्याचंच आहे. डोकं शांत राहतं.’

‘तुमचं डोकं शांत, आणि माझी बिस्किटं?’

‘कसली बिस्किटं?’

आत सूनबाई ओट्याला धरून हसत होती. तिनंच सगळं समजावलं. हवालदार काही हसले नाहीत. पण त्यांची साखर उतरली, मुलाचं कपाळ मोकळं झालं आणि माझं मशीन जागेवर राहिलं. वाईट काय झालं?

झालं ते एवढंच. कामाच्या वेळी मुलाचा मोबाइल माझ्या बॉबिनच्या खणात ठेवायचं ठरलं. एकदा खणात टिंग झालं. म्हटलं, बघू तरी. व्हिडिओत कुणी शहाणा कॉलर उलटी कापत होता. त्याला शिव्या घालतोय तोवर दुसरा आला, तो बाहीची वाट लावत होता. मग तिसरा.

‘बाबा, कपाळ का धरलंय?’ सूनबाईनं विचारलं.

‘या मशीनचा आवाज फार होतो हल्ली,’ मी म्हणालो.

तेवढ्यात समोरच्या खिडकीतून आरोळी आली, ‘सूनबाई, मशीनवर झाकण आहे! सकाळपासून मोबाइल बघतायत!’

तिकडूनही वीस फूट वीसच भरतात, हे माझ्या मापात आलं नव्हतं. मोबाइल मी परत केला. पण भरल्या घरात माझी अब्रू उसवली त्याची माफी अजून आलेली नाही, आणि ती मागायचीय त्या हवालदारानं.