गुलाबभाऊ आणि न खाल्लेलं मटन

आमच्या चिखलीत रविवारी सकाळी मटनाच्या दुकानापुढे जी रांग लागते, तिच्यात सगळ्यात पुढे उभा असलेला माणूस गेली कित्येक वर्षं पक्का शाकाहारी आहे.

त्यांचं नाव गुलाबभाऊ. हातात पिशवी, चष्मा कपाळावर आणि नजर टांगलेल्या बोकडावर. नंबर आला की दुकानदाराला म्हणतात, "मले नाही, मांगच्याले दे. पण त्याले पुट्ठा नको देऊ, सीना दे. पाहुणे हायेत त्याच्या घरी." मग जरा बाजूला सरकून ते मागच्या प्रत्येकाची व्यवस्था लावतात. कोणाला नल्ली, कोणाला कलेजी, कोणाच्या घरी म्हातारे दात आहेत म्हणून कोवळं. लोकही बिनतक्रार ऐकतात, कारण गुलाबभाऊंनी निवडलेलं मटन कधी चामट निघालेलं नाही. तासभर अशी समाजसेवा झाली की समोरच्या गाड्यावरून पाव किलो गवार घेतात आणि घरी जातात. कोणी विचारलंच की भाऊ, तुम्ही कधी सुरू करता, तर उत्तर ठरलेलं: "विचार चालू हाय."

धंदा त्यांचा मोटर वाइंडिंगचा. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी, उन्हाळ्यात कूलरचे पंप, सगळं त्यांच्याकडे येतं आणि तांब्याची नवी तार अंगावर घेऊन परत जातं. त्यांच्या एका बाजूला माझं झेरॉक्सचं दुकान, दुसऱ्या बाजूला सलीमभाईंचं वेल्डिंग. गुलाबभाऊंनी लग्न केलं नाही. दुकानाच्या मागच्या खोलीत एकटेच राहतात आणि दोन्ही वेळची खिचडी सकाळीच टाकून मोकळे होतात.

मटन का सोडलं हे ते स्वतःच सांगतात, न विचारता सांगतात आणि सांगताना सगळ्यात आधी स्वतःच हसतात.

"मी काही साधूगिधू नाही, विनूभाऊ. म्या एका पोरीपायी सोडलं."

स्थळ संग्रामपूरकडचं होतं. मुलीकडचे सगळे माळकरी. मुलीच्या वडिलांनी अट घातली की जावई मांसमच्छीला शिवणारा नको. गुलाबभाऊंनी मुलगी पाहिली आणि हातातला कप बशीत ठेवायच्या आत मटन सोडलं. पुढे मानपानावरून काहीतरी बिनसलं आणि सोयरीक मोडली. मुलीचं लग्न मोताळ्याकडच्या एका घरात झालं. नवऱ्याचं पोल्ट्री फार्म आहे.

"तिच्या बापानं मले बोकड सोडायले लावलं, अन् जावई केला कोंबड्यावाला," गुलाबभाऊ सांगतात. "तो आता अंड्याच्या गाड्या भरून राह्यला, अन् मी गवारीच्या शिरा काढून राह्यलो."

मग तेव्हाच परत का सुरू केलं नाही? तर मधल्या काळात हे गृहस्थ मुलीच्या नादात चार लोकांत मुक्या जिवांवर भाषणं देऊन बसले होते. एका लग्नात तर त्यांचं ऐकून एका भल्या माणसानं हातातली वाटी खाली ठेवली होती. "आता कोणत्या तोंडानं रस्सा वढू? तो माणूस भेटला तं माह्यावाली गचांडी धरीन."

अशा रीतीनं गुलाबभाऊ शाकाहारी राहिले. पण इकडे आमच्या भागात शाकाहारी राहणं म्हणजे साधी गोष्ट नाही. लग्न, बारसं, घरभरणी सोडा, पण नवस फेडायला बोकड कापून गावजेवण घालतात त्या कंदुरीलाही त्यांना आमंत्रण असतंच, कारण बोकड निवडायला तेच गेलेले असतात. मोठ्या हंड्यापाशी उभं राहून आचाऱ्याला सांगणार, "खसखस अजून भाज. कच्ची लागून राह्यली." चव न घेता नुसत्या वासावर. आणि लगेच पलीकडे झाडाखाली जाऊन आपल्या वांग्याच्या भाजीची चौकशी. चूल वेगळी आहे का? मटनाचा डाव इकडे तर नाही ना बुडवला? ते डाव उचलून वास घेतात आणि डाव बुडवणारा माणूस कबुलीजबाब देतो.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना यंदाच्या उन्हाळ्यात गुलाबभाऊ शिडीवरून पडले. कूलरचा पंप बसवताना चक्कर आली आणि ते सरळ कूलरच्या गवतावर आले, म्हणून वाचले. मी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेलो. आता आलोच आहे तर म्हणून मीही माझं रक्त तपासायला दिलं. हा माझा स्वभाव आहे, दुसऱ्याच्या गाडीत आपली पिशवी टाकायचा.

डॉक्टरांनी दोघांचे कागद शेजारी शेजारी ठेवले. गुलाबभाऊंचं रक्त भलतंच कमी होतं आणि माझ्या रक्तात चरबी भलतीच जास्त. त्यांना म्हणाले, "लोहाच्या गोळ्या तुमच्या पोटाला मागेही सोसल्या नव्हत्या. अंडी, कलेजी, मटन सुरू करा. असंच राहिलं तर शिडी विसरा, धंदा विसरा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि तुम्ही हे सगळं बंद करा."

आम्ही दोघंही एकदमच म्हणालो, "विचार करतो."

घरी आल्यावर बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "सोपं हाय. रविवारी भाऊजींचं ताट तुमच्यापुढं वाढते अन् तुमचं त्यांच्यापुढं." तिला यात गंमत वाटली. मला अजिबात वाटली नाही. मी मटन सोडण्याचा मनापासून प्रयत्न केला, म्हणजे बुधवारचं सोडलं. बुधवारी आमच्याकडे मटन कधीच नसायचं.

गुलाबभाऊंनी मात्र प्रकरण गंभीरपणे घेतलं. एकदम उडी नको, आधी सराव करू, म्हणून त्यांनी सोयाबीनच्या वड्या आणल्या आणि मटनाच्या मसाल्यात शिजवल्या. मला आणि सलीमभाईंना चाखायला बोलावलं. बराच वेळ चावून झाल्यावर स्वतःच म्हणाले, "मोटरचं पॅकिंग खाल्ल्यासारखं वाटून राह्यलं." सलीमभाईंनी पदर नसल्यामुळे रुमाल तोंडाला लावला. मग एक दिवस गुलाबभाऊंनी अंडं आणलं आणि खोलीत फळीवर ठेवलं. रोज त्याच्याकडे पाहायचे. अंडं सडल्यावर वास आला तेव्हा ते बाहेर फेकून आले आणि म्हणाले, "पाहा, थांबलो तं वाचलो. असलं खाल्लं असतं म्या."

पण चक्कर काही थांबेना. दुकानात बसल्याबसल्या डोळ्यापुढे अंधारी यायची आणि हातातली तार सुटायची. दोन गिऱ्हाइकं मोटार घेऊन दुसरीकडे गेली. त्या दिवशी संध्याकाळी शटर ओढताना ते पहिल्यांदाच न हसता म्हणाले, "आता खाल्लंच पाह्यजे, विनूभाऊ."

मुहूर्त निघाला सलीमभाईंच्या मुलीच्या लग्नाचा. लग्न त्यांच्या मूळ गावी, रोहिणखेडला होतं. खायचं तर चांगल्या हाताचं खायचं, आणि सलीमभाईंकडच्या आचाऱ्याला तोड नाही, असा गुलाबभाऊंचा हिशेब. सलीमभाईंना कळलं तेव्हा त्यांनी वेल्डिंगची काच डोळ्यांवरून वर केली. "भाऊ, एकाच दिवशी माझ्या बेटीचा निकाह अन् तुमची बिस्मिल्ला. यापेक्षा मोठी गोष्ट नाही." मग ते भेटेल त्याला सांगत सुटले.

आम्ही सकाळी जीपनं निघालो. गुलाबभाऊंनी नवा पांढरा शर्ट घातला होता आणि त्याच्यावर रस्सा सांडेल म्हणून खिशात जुना रुमाल घेतला होता. माझीही बायकोकडून परवानगी काढून झाली होती: फक्त रस्सा, फोडी नाहीत.

निकाह लागला आणि जेवणाचा दस्तरखान अंथरला. गुलाबभाऊ हात धुऊन आले, बसले, उठले, परत हात धुऊन आले. ते आमच्यात बसलेले पाहून आजूबाजूचे लोक एकमेकांना कोपरानं खुणावू लागले. ताटात भात आला, वर मटन आलं. त्यांनी एक फोड उचलली आणि उजेडाकडे धरून पाहिली.

"सीन्याची हाय," ते हळूच म्हणाले. "बरोबर शिजली."

फोड तोंडाजवळ गेली. मी माझं खायचं विसरून त्यांच्याकडे पाहत होतो, आणि मी खायचं विसरलो यावरून प्रसंग किती मोठा होता हे लक्षात यावं.

तेवढ्यात आतल्या दारातून सलीमभाईंची अम्मी बाहेर आली. गुडघे पार गेलेले, एक हात भिंतीला, दुसऱ्या हातात झाकलेलं पातेलं. "गुलाब किदर बैठा रे? उसका सादा अलग निकाल के रखी मैं. चूल्हा भी अलग जलाई." सलीमभाईंनी अख्ख्या जिल्ह्याला सांगितलं होतं, फक्त आईला सांगायचं राहून गेलं होतं. सलीमभाई पुढे झाले, "अम्मी, आज भाऊ..." आणि त्यांनी गुलाबभाऊंकडे पाहिलं, तर ते मानेनंच नको म्हणत होते.

गुलाबभाऊंनी हातातली फोड माझ्या ताटात ठेवली. उठले, म्हातारीच्या हातातून पातेलं घेतलं, तिला धरून ओसरीवरच्या खाटेवर बसवलं आणि स्वतः खाली जमिनीवर बसले. पातेल्यात वांग्याचं भरीत होतं आणि वर दोन ज्वारीच्या भाकरी. नातीच्या लग्नाच्या दिवशी, घरात एवढी माणसं असताना, म्हातारीनं चुलीपुढे बसून त्या थापल्या होत्या. गुलाबभाऊ खाली मान घालून जेवत होते आणि म्हातारी ओढणीनं माश्या वारत होती.

मी त्यांची फोड खाल्ली. वाया कशाला घालवायची.

परतताना जीपमध्ये मागच्या सीटवर आम्ही दोघंच होतो. मला राग आला होता. इतके दिवस या माणसाच्या रक्तापायी माझा जीव खाली-वर होत होता. मी म्हटलं, "काय हो गुलाबभाऊ, तोंडापर्यंत गेलेला घास. म्हातारीला समजावून सांगितलं असतं तर समजली नसती का?"

"समजली असती," ते म्हणाले. मग जरा हसले. "त्याचंच तं भेव वाटलं."

"म्हणजे?"

"तुमच्या घरी कोणी ना कोणी विचारते, जेवले का म्हणून. माह्या खोलीत कोण विचारते? पण कुठी लग्न असो, कंदुरी असो, एक जण तरी चुलीपाशी वरडतेच, गुलाबभाऊचं साधं काढलं का बे? तेवढा वेळ मी कोणाच्या तरी ध्यानात असतो. मटन सुरू केलं की मी पंगतीतला एक. जेवलो काय अन् नाही जेवलो काय." आणि मग अगदी हळू म्हणाले, "मटन मले आवडते हो. लय आवडते. पण त्याच्यापायी हे सोडवत नाही."

मी पाण्याची बाटली त्यांच्यापुढे केली.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन आत निघून गेली. दुसऱ्या दिवशी माझ्या डब्यात उकडलेली अंडी होती, जी मला बंद आहेत. मी विचारलं तर म्हणाली, "पिवळं भाऊजींले, पांढरं तुमाले. अन् याची बाहेर कुठं वाच्यता नको."

तेव्हापासून दुपारी सलीमभाई नमाजला गेले की मी माझं शटर अर्धं खाली ओढतो आणि झेरॉक्सच्या मशीनमागे आम्ही एकेक अंडं वाटून खातो. पहिल्या दिवशी गुलाबभाऊंनी डोळे मिटून, नाक दाबून गिळलं. आता मीठ-तिखट मागतात. "हे औषध हाय, जेवण नाही," असं रोज मला सांगतात, जसा काही मी कोर्टात बसलोय. अंधारी कमी झाली आहे. मागच्या आठवड्यात शिडीवर चढले, मी खाली धरून उभा होतो.

परवा असंच खात बसलो होतो तर शटरखालून वाकून एक जण आत आला. जवळच्या खेड्यातला, गुलाबभाऊंकडून मोटारीत नवी तार भरून नेणारा. पोराचा नवस फेडायला कंदुरी करत होता.

"गुरुवारी यायचं हाय, भाऊ," तो म्हणाला. "तुमची भाजी अलग टाकून राह्यलो, लिंबाखाली. बायकोनं वांगे आजच आणून ठेवले. तुमी नाही आले तं ते कोण खाईन?"

गुलाबभाऊंच्या तोंडात अख्खं पिवळं होतं. कोरडं पिवळं, हलायचं नाव नाही. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि नुसती मान हलवली. मीच म्हणालो, "येतात ते. नक्की येतात. वांगी जरा तिखट कर म्हणावं, त्यांना तशी आवडतात."

तो गेला. गुलाबभाऊ पाणी प्यायले, त्यांनी घास गिळला, मिशीवरचा चुरा पुसला. डोळे भरून आले होते, ते ठसक्यानं असावेत असं मला वाटू द्यायचा त्यांनी प्रयत्न केला.

"आयकलं ना?" ते म्हणाले. "वांगे आजच आणून ठेवले म्हणते."

"ऐकलं," मी म्हटलं.